पेम्फिगस, पेम्फिगॉइड, सोरायसिस: क्लिनिकल ट्रायलमध्ये नाव देण्याआधीपासून शेवटच्या भेटीपर्यंत काय करायचं, कोणत्या क्रमाने

त्वचारोगाच्या क्लिनिकल ट्रायलसाठी, म्हणजे उपचार रुग्णांवर तपासून बघणाऱ्या अभ्यासासाठी, येणारे बरेच रुग्ण पहिली चूक घरूनच करून येतात. ट्रायलमध्ये घ्यायचं तर अंगात दुसरं औषध नको, असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर बंद केलेल्या असतात. डॉक्टरांना जखम स्वच्छ दिसावी म्हणून फोड फोडून वर हळद-खोबरेल लावलेलं असतं. गावातल्या वैद्यांची पुडी चालू असते, पण ती सांगायची नाही असं घरात ठरलेलं असतं. हे सगळं काळजीपोटीच केलेलं असतं. तरी त्यात कधी रुग्णाचं नुकसान होतं, कधी अभ्यासाचं, आणि बहुतेक वेळा दोघांचंही.

इथे दोन प्रकारचे आजार धरले आहेत. पहिला प्रकार फोडांचा: पेम्फिगस व्हल्गॅरिस आणि बुलस पेम्फिगॉइड. यात शरीराचीच प्रतिपिंडं त्वचेच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करतात. दुसरा प्रकार दाहाचा: सोरायसिस आणि अॅटॉपिक डर्मटायटिस म्हणजे एक्झिमा. ट्रायलची वाट दोन्हींसाठी जवळपास एकच आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

क्रम मोडू नका. निदान, कागद, पडताळणी, संमती, मग तपासण्या, आणि औषधातला बदल अगदी शेवटी, तोही ट्रायलच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

टप्पा १: निदान पक्कं आहे का ते बघा

अंगावर फोड आले म्हणजे पेम्फिगस असं नाही. आपल्याकडे पाण्याचे फोड दिसले की नागीण समजून लेप लावण्यात आठवडे जातात, तर कधी नुसत्या तोंडातल्या जखमांवर जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू राहतात. ट्रायलला 'डॉक्टर म्हणाले पेम्फिगस आहे' एवढं पुरत नाही, लेखी पुरावा लागतो. तो साधारण तीन ठिकाणांहून येतो: साध्या बायोप्सीचा, म्हणजे कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून केलेल्या तपासणीचा अहवाल, डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स म्हणजे डीआयएफचा (कातडीत चिकटलेली प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासणीचा) अहवाल, आणि रक्तातल्या प्रतिपिंडांची एलायझा तपासणी. पेम्फिगसमध्ये ही प्रतिपिंडं डेस्मोग्लीन १ आणि ३ या प्रथिनांविरुद्धची असतात, पेम्फिगॉइडमध्ये बीपी १८० आणि बीपी २३० या प्रथिनांविरुद्धची.

बायोप्सी अजून व्हायची असेल तर चार गोष्टी सांभाळा.

१. फोड फोडू नका. साध्या बायोप्सीसाठी ताजा, लहान, न फुटलेला फोड लागतो, शक्यतो एक-दोन दिवसांतला. जुन्या फोडात तळाची कातडी पुन्हा वाढू लागलेली असते किंवा जंतुसंसर्ग झालेला असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली भलतंच चित्र दिसतं. नवा फोड दिसला की तारीख लिहा आणि विभागात फोन करा.

२. दुसरा तुकडा फोडाच्या शेजारच्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा घेतात. 'चांगल्या जागी कशाला कापता' म्हणून इथे हमखास वाद होतो. पण डीआयएफमध्ये जी प्रतिपिंडं शोधायची असतात ती फुटलेल्या फोडात नष्ट झालेली असू शकतात. शेजारच्या कातडीत ती शाबूत असतात.

३. दोन तुकडे, दोन बाटल्या. साध्या बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो. डीआयएफचा जातो मिशेलच्या द्रावणात, किंवा प्रयोगशाळा जवळ असेल आणि तुकडा लगेच पोचणार असेल तर सलाइनमध्ये. तो चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला तर तपासणी वाया गेली. अनेक रुग्णालयांत बाटल्या घेऊन प्रयोगशाळेत जायचं काम नातेवाइकांवर येतं, म्हणून हे तुम्हाला माहीत असायलाच हवं.

४. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका.

तपासा: दोन्ही बाटल्यांवर नाव, तारीख, शरीराचा भाग आणि कोणती तपासणी हे लिहिलेलं आहे का? बाटल्या हातात घेण्याआधी वाचा.

टप्पा २: फाइल तयार करा

ही फाइल बसून, शांतपणे, ट्रायल शोधायच्या आधी तयार करा. स्क्रीनिंगच्या, म्हणजे पात्रता तपासण्याच्या दिवशी पिशवीतून चुरगळलेले केसपेपर काढत बसलात की नेमकी महत्त्वाची तारीख सापडत नाही.

फाइलमध्ये सर्वांत वर एकाच पानावर औषधांचा तक्ता असू द्या. औषधाचं नाव, मात्रा, कधी सुरू केलं, मात्रा कधी कमी-जास्त केली, शेवटचा डोस कधी. प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड), अॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, रिटुक्सिमॅब, डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फामाइडचे पल्स (ठरावीक अंतराने शिरेतून दिलेले मोठे डोस), फोटोथेरपीचे म्हणजे अतिनील प्रकाशाचे शेक, सगळं त्यात आलं पाहिजे. पल्स उपचार आपल्या देशात दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकात रुळवला आणि गेली कित्येक वर्षं तो देशभर दिला गेला. त्यामुळे जुन्या पेम्फिगसच्या रुग्णांच्या कागदांत 'डीसीपी' अशी नोंद पुष्कळदा सापडते. पल्स किती झाले आणि शेवटचा कधी झाला, हे डिस्चार्ज कार्डांवरून मोजून लिहा.

मग इतर आजारांची औषधं. मधुमेहाच्या गोळ्यांची नावं तर अजिबात वगळू नका. व्हिल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन अशा ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांचा बुलस पेम्फिगॉइडशी संबंध आढळलेला आहे, आणि हा आजार बहुधा उतारवयात होत असल्याने रुग्णाला मधुमेह असणं अगदी नेहमीचं. घरातल्या आजोबांच्या गोळ्यांची नावं पाठ नसतील तर रिकाम्या स्ट्रिप फाइलमध्ये ठेवा.

आता पुड्या, काढे, तेलं, आणि नाव नसलेल्या डबीतली मलमं. कुणी रागावेल म्हणून ती लपवली जातात. पण त्वचारोगावरच्या बेनामी औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं हे डॉक्टरांना ठाऊक असतं. पुडीने अंग झटपट साफ झालं आणि बंद करताच दुपटीने उसळलं, असा अनुभव असेल तर तो जरूर सांगा. डबी सोबत आणा. लपवलेलं स्टेरॉइड ट्रायलच्या औषधाबरोबर चालू राहिलं तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा, हे कुणालाच कळणार नाही.

पूर्वी कधी क्षयरोग झाला असेल, घरात कुणाला असेल, कावीळ झाली असेल, तर वर्षासकट लिहा.

टप्पा ३: ट्रायल शोधा आणि खरी आहे का ते पडताळा

भारतात होणाऱ्या क्लिनिकल ट्रायलची सार्वजनिक नोंदवही म्हणजे सीटीआरआय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) दिल्लीतल्या संस्थेत ती चालते. २००७ साली सुरू झाली, २००९पासून नियामक मान्यतेच्या ट्रायलना नोंदणी सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८पासून पहिला रुग्ण घेण्याच्या आधीच नोंदणी झालेली असावी लागते. संकेतस्थळ सर्वांना मोफत खुलं आहे: सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. आजाराचं नाव इंग्रजीत टाकून शोधा. इंग्रजी अडत असेल तर कॉलेजात जाणाऱ्या भाच्या-पुतणीला बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

नोंद उघडली की हे बघा:

- भरती चालू आहे की संपली.
- कोणत्या रुग्णालयांत चालू आहे आणि तिथले मुख्य संशोधक कोण. तुमच्या गावापासून सर्वांत जवळचं केंद्र इथेच सापडेल.
- प्रत्येक केंद्राच्या नीतिसमितीची, म्हणजे रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता बघणाऱ्या समितीची, मंजुरी मिळाली आहे की अजून प्रलंबित आहे.
- नवं औषध असेल तर औषध महानियंत्रकांची, म्हणजे डीसीजीआयची, परवानगी आहे का.
- कुणाला घेणार, कुणाला नाही. वय, आजाराची तीव्रता आणि आधीचे उपचार एवढं चाळलं तरी निम्मे हेलपाटे वाचतात.

सावधान: 'ट्रायलमध्ये नाव लावून देतो, आधी एवढे भरा' असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. सीटीआरआय क्रमांक मागा. तो देता येत नसेल तर पुढे बोलू नका.

टप्पा ४: संमतीपत्र वाचा, विचारा, मगच सही करा

मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते या टप्प्यावर, कारण घाई इथेच होते. रांग मोठी असते, डॉक्टर थांबलेले असतात, आणि 'तुम्ही सांगाल तिथे सही करतो' असं म्हणणं हा आपल्याकडे मान देण्याचा प्रकार समजला जातो. इथे तसं करू नका. माहितीपत्रक घरी न्यायला मागा. कुटुंबाशी किंवा नेहमीच्या डॉक्टरांशी बोलायला वेळ मागणं हा तुमचा हक्क आहे.

माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं. मराठी प्रत मागा. ती नीतिसमितीने मंजूर केलेली असते, तोंडी भाषांतरावर भागवू नका. रुग्णाला वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला निःपक्ष साक्षीदार संपूर्ण चर्चेला हजर लागतो आणि तोही सही करतो. पूर्णपणे नव्या रासायनिक रेणूच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातला रुग्ण असेल तर संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण करतात. कॅमेरा दिसला म्हणून घाबरू नका, तुम्हाला नीट समजावलं गेलं याचा तो पुरावा असतो.

हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरं त्यांच्याच समोर लिहून घ्या:

१. कोणाकोणाची तुलना आहे? मला नवं औषध मिळेल याची खात्री नाही, हे बरोबर ना?

२. प्लासिबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं काही, आहे का? असेल तर नेहमीचं औषध सोबत चालू राहील का? फोडांच्या आजारात हा प्रश्न कळीचा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या पेम्फिगसच्या अभ्यासात ९० रुग्ण होते आणि दोन्ही गटांना प्रेडनिसोन हे स्टेरॉइड मिळत होतं. एका गटाला त्याच्या जोडीला रिटुक्सिमॅब दिलं. चोवीस महिन्यांनी रिटुक्सिमॅबच्या गटातले ८९ टक्के रुग्ण सगळी औषधं थांबवून पूर्ण बरे होते, फक्त प्रेडनिसोनच्या गटातले ३४ टक्के. 'तुलनेच्या गटात पडलो तर उपचारच नाही' ही भीती किती खरी आहे, हे त्या-त्या ट्रायलच्या रचनेवर ठरतं. म्हणून विचारायचं.

३. आजार उसळला तर कोणतं औषध देणार, आणि ते द्यायचं कधी ठरवणार?

४. एकूण भेटी किती, किती महिन्यांत, आणि ठरल्या तारखेच्या मागेपुढे किती दिवस चालतं? ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. तुमचं असं काही असेल तर सहीच्या आधी सांगा. पावसाळ्यात एसटी बंद पडणारं गाव असेल तर तेही.

५. प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीचं काय?

६. मूल होण्याचा विचार असेल तर किती काळ थांबायचं? मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहेत. पुरुषांनीही विचारा.

७. ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहणार का?

८. फोटो काढणार का, चेहरा ओळखू येईल का, ते छापले जातील का? फोटोची संमती वेगळी असते. ती नाकारता येते का, हेही विचारून घ्या.

'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९' प्रमाणे ट्रायल चालू असताना इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत मिळायला हवेत. इजा ट्रायलमुळेच झाल्याचं ठरलं तर भरपाईही. या दोन्ही गोष्टी, आणि संशोधक व नीतिसमिती यांचे संपर्क क्रमांक, पत्रकात असायला हवेत. समितीत किमान सात सदस्य असतात, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे. तक्रार ऐकून घेणं हे त्यांचं काम आहे, फोन करायला संकोच करू नका.

तपासा: माहितीपत्रकाची आणि तुमची सही असलेल्या संमतीपत्राची प्रत हातात मिळाली का? ती न घेता घरी जायचं नाही.

टप्पा ५: स्क्रीनिंग, आणि औषध थांबवण्याचा काळ

सही झाल्यावरच ट्रायलच्या तपासण्या सुरू होतात, आधी नाही. रक्त, लघवी, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, क्षयरोगासाठी कातडीत सुई टोचून करायची मॉन्टू किंवा रक्ताची इग्रा तपासणी, स्त्रियांची गर्भतपासणी. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिल्यावर शरीरात झोपलेला क्षयरोग किंवा हिपॅटायटिस बी जागा होऊ शकतो, म्हणून एवढी चाळणी. मॉन्टू किंवा इग्रा पॉझिटिव्ह आली म्हणजे तुम्हाला आता क्षयरोग झाला आहे असं नाही. पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

लस घ्यायची राहिली असेल तर हीच वेळ. रिटुक्सिमॅबनंतर लसीला शरीर नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून निष्क्रिय लसी शक्यतो किमान चार आठवडे आधी उरकतात. जिवंत जंतूंच्या लसी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना टाळतात. कोणतीही लस ट्रायलच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सोरायसिस आणि एक्झिमाच्या ट्रायलमध्ये जुन्या औषधाचा परिणाम ओसरू देण्यासाठी काही काळ ते थांबवतात. मलमांसाठी साधारण दोन आठवडे, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन किंवा फोटोथेरपीसाठी साधारण चार, बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेल्या प्रथिनांच्या) इंजेक्शनांसाठी त्याहून जास्त. नेमके आकडे प्रत्येक अभ्यासाचे वेगळे असतात. हा काळ कधी सुरू करायचा ते ट्रायलचे डॉक्टर सांगतात, आणि तो संमतीच्या सहीनंतरच सुरू होतो.

सावधान: तोंडाने घेतलेलं स्टेरॉइड तीन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर ते एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने शरीराने स्वतःचं तयार करणं थांबवलेलं असतं. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, शुद्ध हरपते. सोरायसिसमध्ये तर असं एकाएकी तोडल्यावर अंगभर पू भरलेले फोड उठू शकतात किंवा सगळी कातडी लाल होऊन सोलवटते. पेम्फिगसमध्ये आटोक्यात आलेला आजार पुन्हा पसरतो. 'ट्रायलसाठी पात्र व्हायचंय' या कारणाने एक गोळीही स्वतः कमी करू नका.

स्क्रीनिंगमध्ये नापास होणं यात तुमचा काही दोष नाही. अहवालांच्या प्रती मागून घ्या, नेहमीचे उपचार चालू ठेवा, आणि पुढे पुन्हा तपासणीची संधी आहे का विचारा.

टप्पा ६: पहिली मोजणी, म्हणजे भेटीच्या दिवशी त्वचा कशी असावी

ट्रायलमध्ये आजार आकड्यांत मोजतात. सोरायसिससाठी 'पासी', ० ते ७२: डोकं, हात, धड आणि पाय यांवरचा लालपणा, जाडी, खवले आणि व्यापलेला भाग. एक्झिमासाठी 'ईझी', ० ते ७२. पेम्फिगससाठी 'पीडीएआय', ज्यात त्वचेचे वेगवेगळे भाग, डोक्यावरची कातडी आणि तोंड-नाक-डोळे-गुप्तांगांची आतली त्वचा स्वतंत्र मोजतात. पहिल्या भेटीचा आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

म्हणून भेटीच्या दिवशी:

- हळद, जेंशन व्हायोलेट (जांभळं औषध), पावडर, जाड मलम काही लावून येऊ नका. रंगाखाली लालपणा दिसत नाही. सोरायसिसमध्ये सकाळी तेल किंवा मॉइश्चरायझर लावलं की खवले दबतात आणि आजार कमी दिसतो. ट्रायलने सांगितलेलं औषधी मलम मात्र त्यांच्या सूचनेप्रमाणेच.
- खपल्या ओढून काढू नका, फोड फोडू नका. चिकटलेली पट्टी विभागात सलाइनने भिजवूनच निघू द्या.
- सैल, पुढून उघडणारे सुती कपडे घाला.
- तोंडात कवळी असेल तर ती काढून दाखवा. कवळीखालच्या जखमा सुटून जातात.
- गुप्तांगावरच्या जखमा सांगा. हे लिहिताना मला ठाऊक आहे की कित्येक बायका आणि पुरुषही वर्षभर हे कुणाला सांगत नाहीत. स्त्री डॉक्टर किंवा बंद पडदा मागा. या जखमा मोजल्या जातातच, आणि उपचारही त्यांनाच लागतो.

बरे झालेल्या जागी राहिलेले काळे डाग पाहून पुष्कळ जण निराश होतात. पीडीएआयमध्ये त्यांचा रकाना वेगळा आहे. ते चालू आजारात धरले जात नाहीत.

टप्पा ७: घरची वही आणि घरचं औषध

फोडांच्या आजारात 'नवा फोड' ही सर्वांत मोलाची नोंद आहे. पेम्फिगसच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे आटोक्यात आलेल्या आजारात महिन्यात तीन किंवा अधिक नवे फोड आले, आणि ते आठवड्याभरात आपोआप बरे झाले नाहीत, तर आजार उलटला असं धरतात. जुन्या जखमा पसरू लागल्या तरी तसंच. ब्रिटन आणि जर्मनीत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पेम्फिगॉइडच्या मोठ्या अभ्यासात सहा आठवड्यांनी अंगावर तीन किंवा कमी फोड असणं हेच यशाचं माप होतं. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गटातले ७४ टक्के त्यात बसले, प्रेडनिसोलोनच्या गटातले ९१ टक्के. पण वर्षभरात उपचारामुळे झालेले गंभीर त्रास डॉक्सिसायक्लिनच्या गटात १८ टक्के आणि प्रेडनिसोलोनच्या गटात ३६ टक्के होते. अशी माहिती हाती आल्यावर म्हाताऱ्या माणसाला काय द्यायचं हे डॉक्टरला तोलता येतं. एकेका घरातल्या एकेका फोडाची नोंद खरी असेल तरच असे आकडे खरे ठरतात.

वही अशी भरा:

१. रोज एकाच वेळी, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी. आज नवे फोड किती, कुठे. पाठ बघायला घरातल्या कुणाची तरी मदत घ्या.

२. खाजेचा आकडा ० ते १०, गेल्या चोवीस तासांतली सर्वांत जास्त खाज. आठवड्याचे आकडे रविवारी एकदम भरू नका. एखादा दिवस राहिला तर कोरा सोडा. मनाने भरलेल्या आकड्यापेक्षा कोरी जागा चांगली.

३. प्रश्नावल्या रुग्णाने स्वतः भरायच्या. डीएलक्यूआय या दहा प्रश्नांच्या तक्त्यात गेल्या आठवड्याबद्दल विचारतात. सुनेला सासूची खाज किती ते माहीत नसतं. वाचून दाखवा, उत्तर त्यांचंच लिहा. 'डॉक्टरांना बरं वाटावं' म्हणून कमी सांगू नका.

४. ताप, खोकला, दुसरी कोणतीही गोळी, अगदी डोकेदुखीचीही: तारीख आणि नाव.

औषधाबाबत: रिकाम्या स्ट्रिप आणि उरलेल्या गोळ्या परत न्या, फेकू नका. तिथे मोजणी होते आणि चुकलेल्या गोळ्यांबद्दल खरं सांगितलं तर कुणी रागावत नाही. चुकलेली गोळी भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. फ्रिजमध्ये ठेवायचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवतात, म्हणजे मधल्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये नाही, आणि दारातही नाही. ते गोठलं तर वाया जातं. तासन्‌तास वीज जाणारं गाव असेल तर इंजेक्शन केंद्रावरच ठेवता येईल का ते विचारा.

केळीच्या पानावर झोपवणं, चादरीवर पावडर पसरणं असे उपाय फोडांच्या रुग्णाला आराम देतात, कारण ओली कातडी चादरीला चिकटत नाही. पान धुऊन, स्वच्छ पुसून घ्या आणि ट्रायलच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. तोंडात जखमा असतील तर तिखट, गरम आणि टोचणारं टाळा. मऊ भात, ताक, पेज चालेल.

सावधान: त्याच ट्रायलमधल्या रुग्णांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'तुला काय दिलं असेल' याचा माग काढू नका. अनेक ट्रायलमध्ये कोण कोणत्या गटात आहे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसावं, अशी रचना मुद्दाम केलेली असते. अंदाज बांधला की खाजेचा आकडाही नकळत बदलतो.

टप्पा ८: त्रास झाला तर

ट्रायलचं ओळखपत्र खिशात आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. पुढीलपैकी काही झालं तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही:

- ताप किंवा थंडी. स्टेरॉइड चालू असताना ताप कमी दिसतो, म्हणून नुसती गळून गेल्यासारखी अवस्थाही सांगा.
- जखमेला दुर्गंधी, पू, भोवती वाढणारी लाली.
- गिळता न येणं, डोळे लाल होऊन दुखणं.
- धाप, छातीत दुखणं, काळी शी, सततच्या उलट्या.
- एकाच दिवसात झपाट्याने वाढलेले फोड.
- पाळी चुकणं.

आधी जवळच्या रुग्णालयात जा. मग फोन करा, किंवा नातेवाइकाला करायला सांगा. तिथल्या डॉक्टरांना ओळखपत्र दाखवा. गरज पडली तर तुम्हाला कोणतं औषध दिलं आहे ते उघड करण्याची सोय ट्रायलमध्ये असते. गंभीर घटना घडल्यापासून चोवीस तासांत संशोधकाला ती वर कळवावी लागते, म्हणून भरती होऊन आठवड्याने सांगणं कुणाच्याच कामाचं नाही. बिलं, डिस्चार्ज कार्ड, तपासण्या जपून ठेवा. भरपाईचा प्रश्न आला तर तेच कागद लागतील.

टप्पा ९: मध्येच सोडायचं असेल, किंवा ट्रायल संपली असेल

कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत. पण न सांगता गायब होऊ नका. औषध कसं उतरवायचं हे ठरवणं तुमच्या जिवासाठी गरजेचं आहे. शिवाय बरे झालेले 'आता कशाला जायचं' म्हणून आणि बिघडलेले कंटाळून येणं बंद करतात, तेव्हा उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष दिशाभूल करतो. औषध नको असेल तरी सुरक्षिततेच्या शेवटच्या भेटीला या, किंवा फोनवर तब्येत सांगायची तयारी असल्याचं कळवा.

ट्रायल पूर्ण झाली की शेवटच्या भेटीत हे मागून घ्या: सगळ्या तपासण्यांच्या प्रती, शेवटच्या डोसची तारीख, सध्याच्या औषधांची चिठ्ठी, आणि पुढे कोणत्या डॉक्टरांकडे कधी जायचं. कोणत्या गटात होतो हे कधी कळेल, निकाल कुठे येईल, तेही विचारा. डीआयएफच्या अहवालाचा आणि बायोप्सीच्या ब्लॉकचा (मेणात जपून ठेवलेल्या तुकड्याचा) क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आजार उलटला किंवा पुढे दुसऱ्या ट्रायलला जायची वेळ आली, तर या क्रमांकावरून जुना ब्लॉक शोधता येतो आणि पुन्हा कातडीचा तुकडा काढणं कदाचित टळतं.